चावरे बूट

"नवे बूट चावतात. महिनाभर घालून रुळवा, मगच गडावर या," असं ट्रेकवाल्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. पण खटावकरांच्या घरात बूट घालून फिरायची सोय नव्हती. बायको म्हणाली, "गडावर जा नाहीतर स्वर्गात जा, बूट उंबऱ्याबाहेर!"

मग खटावकर रोज सोसायटीचा जिना चढू-उतरू लागले. "आज पण लिफ्ट बंद?" असं शेजारी रोज विचारायचे. टाचांना फोड आले, फुटले, तेव्हा कुठे बूट लोण्यासारखे मऊ झाले.

गड त्यांनी हसतखेळत सर केला. माथ्यावर देवीचं देऊळ होतं. बाहेर सगळ्यांनी बूट काढले. एकाच दुकानातले, एकसारखे. दर्शन घेऊन खटावकरांनी बूट चढवले आणि उतरायला लागले. पहिल्याच वळणावर दोन्ही टाचा कळवळल्या. देवीला नारळ फोडायचा राहिला म्हणून की काय, त्यांना कळेना.

तेवढ्यात ट्रेकमधलेच टिपणीस उड्या मारत शेजारून पुढे गेले.

"महिनाभर कसले रुळवताय, खटावकर! मी कालच घेतले. चढताना जीव नकोसा केला होता बुटांनी. देवीपुढं डोकं टेकवलं, बाहेर आलो, आणि बघा, लोण्यासारखे मऊ!"