मर्मर

"हा शब्द तेवढा सांगा, बाई," म्हणत रखमानं घडी घातलेला कागद पुढे केला. कागदाचा वरचा भाग तिनं मुठीतच धरून ठेवला होता.

अनुजाबाईंनी चष्मा चढवला. इंग्रजीत लिहिलेलं होतं, मर्मर. डॉक्टरांनी खाली रेघ मारली होती.

"कुणाचा रिपोर्ट?"

"नातीचा. चार वर्सांची हाय."

रखमा माहीमच्या कोळीवाड्यातली. दादरच्या बाजारात मासे विकायची. शिवाजी पार्कच्या या घरात ती पहिल्यांदाच येत होती. इंग्रजी शिकवणाऱ्या बाई इथं राहतात असं कळलं, एवढंच ती दारात म्हणाली होती.

बाई कॉलेजातून निवृत्त झाल्या होत्या. क्षितिजा गेली त्यालाही आता सहा वर्षं होत आली. एकुलती एक मुलगी. लहानपणी एखाद्या शब्दाचा अर्थ सांगितला की ताट बाजूला सारून विचारायची, "पण तो आला कुठून?" ती गेल्यापासून बाई एकट्याच जेवत. तिचं नाव कुणापुढे काढत नसत.

"हा आवाजावरून आलेला शब्द," बाई सांगू लागल्या. "हळूच म्हणून बघा. मर्मर. ओठातल्या ओठात बोलल्यासारखं वाटतं ना? लॅटिनमधून इंग्रजीत आला. आपणही वाऱ्यानं पानं हलली की मर्मर म्हणतोच. इंग्रजीत कुरकुरीलाही हाच शब्द. मनात असते, पण मोठ्यानं बोलवत नाही, तशी तक्रार."

"आनि काळजात?"

"ठोक्यांच्या मधे रक्ताची सळसळ ऐकू येते, ती." बाईंनी त्याआधीच्या शब्दावर बोट ठेवलं. "इथं इनोसंट लिहिलंय. निष्पाप. म्हणजे नुसता आवाज, आजार नाही. तरी डॉक्टरांना नीट विचारून घ्या."

रखमानं मान डोलावली, पण ती उठली नाही. बाईंनाही तिला जाऊ द्यावंसं वाटेना. कितीतरी दिवसांनी त्या इतकं बोलल्या होत्या.

"नात शाळेत जाते?"

"जाते. लय डोकं खाते. ह्याला असं का म्हनतात, त्याला तसं का म्हनतात."

बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"तिला घेऊन या एकदा. मी सांगेन सगळं."

"खरंच आनू?"

"आणा. मी वाट बघेन."

रखमानं एकवार दाराकडे बघितलं.

"तुमच्या घरात इंग्रजी वाचणारं कुणी नाही का?" बाईंनी विचारलं.

"सून वाचते की. डॉक्टरांनी तिला सारं समजावलंय." रखमानं मूठ सोडली. "पोरीला घेऊन खाली फाटकाशी उभी हाय. क्षितिजा म्हनली, आधी तुमी जा, आईचा राग गेलाय का बघून या."