कानेलाची मान

कोस्टा रिकातल्या त्या प्रयोगशाळेच्या तबेल्यात घोड्यांची देखभाल करणारा एव्हेलियो आपल्या कानेला नावाच्या घोडीला दर वेळी एकच सांगायचा, "एवढी एकच वेळ गं बाई, मग तुला रान मोकळं." करोनाच्या विषाणूचा निरुपद्रवी तुकडा तिला टोचायचा, रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की मानेतून पिशव्या भरून घ्यायच्या. औषध तयार होईतो विषाणूनं रूप बदललेलं असायचं. मग पुन्हा पहिल्यापासून.

पाचव्यांदा फर्मान आलं तेव्हा त्याचं टाळकंच सरकलं. "सोडतोय मी हिला. काय करायचं ते करा!" असं डॉक्टर योर्लेनीला सुनावून त्यानं कुरणाकडचं फाटक सताड उघडलं.

कानेलानं डोंगराकडे पाहिलं, मग डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाकडे. आणि आपल्या पायांनी रक्त काढायच्या खोड्यात जाऊन तिनं मान पुढे केली.

"अगं जा की, वेडे! फाटक दिसत नाही का तुला?" एव्हेलियो ओरडला.

"मुकं जनावर ते. सवय झालीय तिला," म्हणत योर्लेनीनं खिशातून एव्हेलियोच्या रोजच्या करोना-तपासणीची, नाकात घालायची काडी काढली.

ती पुढं काही बोलायच्या आत एव्हेलियोनं मुखपट्टी खाली ओढून मान वर केली होती.