वेलीखाली वारलेले वडील

मातीचं नातं रक्तातच असावं लागतं, असं प्रल्हाद वाइन चाखायला टेस्टिंग रूममध्ये आलेल्या पाहुण्यांना सांगायचा. त्याच्या स्वतःच्या रक्तात बॉथेलमधलं सॉफ्टवेअर होतं. अमेरिकेतल्या याकिमाच्या खोऱ्यातली ही द्राक्षबाग त्याने नोकरी गेल्यावर घेतली.

शेजारच्या बागा चार-चार पिढ्यांच्या. पर्यटक तिकडेच वळायचे. तेव्हा मार्केटिंग बघणारा ईशान म्हणाला, “काका, लोक वाइन नाही, स्टोरी विकत घेतात.” मग प्रल्हादने वडिलांना नाशिकचे बागायतदार केलं आणि वेलीखाली, हातात छाटणीची कात्री देऊन, मारलं. फोटोला चंदनाचा हार घातला. खरे वडील नाशिकला पोस्टातून रिटायर झालेले. द्राक्षं आणलीच तर पाव किलो.

धंदा बरा चालू लागला. अडचण एवढीच, की बाबांना एकदा लेकाची बाग बघायची होती. व्हिसा तयार होता. शुभा, प्रल्हादची बायको, म्हणायची, बोलव त्यांना, हार काढून ठेवू. प्रल्हाद म्हणायचा, सीझन संपू दे. सीझन संपत राहिले.

त्या शनिवारी सिएटलच्या टूर कंपनीची बाई यायची होती. तिला आवडलं तर दर आठवड्याला बस. सकाळीच नाशिकहून बहिणीचा, कांचनचा, फोन आला. प्रल्हादने पिंपांच्या खोलीत उभ्याउभ्या तो ऐकला, “बरं” म्हणाला आणि शर्ट बदलायला गेला.

“काय म्हणत होती?” शुभाने विचारलं.

“बाबांचं यायचं कॅन्सल झालं.”

“म्हणजे शेवटी नाही म्हणालास त्यांना.”

“म्हणावं लागलं नाही.”

शुभाने ग्लास जरा आपटूनच मांडले.

टूरमध्ये माती, वेली, सगळं नेहमीसारखं झालं. वडिलांच्या कात्रीच्या गोष्टीपाशी मात्र प्रल्हाद अडला. बाबा लोकांकडे मागून पाकिटांवरची अमेरिकेची तिकिटं घरी आणायचे, असं काहीतरी भलतंच सांगू लागला आणि मध्येच रडला. टूर कंपनीच्या बाईने डोळे पुसले आणि बस नक्की केली.

लोक पांगल्यावर ईशान म्हणाला, “काका, ते तिकिटांचं ठेवा. सुपर्ब होतं.”

शुभाने ईशान लांब जाईपर्यंत दम धरला. “जिवंत माणसाला दर शनिवारी मारतोस. वर आज रडूनही दाखवलंस.”

प्रल्हाद उष्टे ग्लास गोळा करत होता.

“आज मी नाही मारलं,” तो म्हणाला. “तिकडे दुपारी जेवून झोपले, ते उठलेच नाहीत.”