शवासनाची चटई

योगासनांसाठी चटई घेताना विलासने गोखिवऱ्याच्या दुकानात बराच वाद घातला. पातळ चटया त्याने एकामागून एक नाकारल्या आणि जाड चटईवर तर भर दुकानात शवासन करून पाहिले.

"साहेब, पाच-दहा मिनिटंच तर पडायचं असतं!" दुकानदार हसला.

"पाच मिनिटं तरी पाठीला फरशी का टोचावी?" विलासने ठणकावले.

आई स्वयंपाकघरात सतरंजीवर झोपे. तिला जमिनीचीच सवय आहे, असे विलास आल्यागेल्याला, कुणी विचारले नसतानाही, सांगत असे.

घरी आईने नव्या चटईवरून तळवा फिरवला.

"मऊ आहे रे. सकाळी तुझं आटोपलं, की रात्री मला देशील? उजाडायच्या आत पुसून गुंडाळून ठेवीन."