पाच चाकू

"तिले इचारायच्या आंधी तू तिकडे तोंड कर," भगवंतराव बायकोला म्हणाले.

दुर्गाबाईंच्या कपाळावर आठी पडली. "माह्यं तोंड काय करते तुमाले?"

"कर म्हनलं न."

शेडमधल्या बाकावर पाच वर्षांची प्रणाली पाय हलवत बसली होती. तिचा बाप किशोर याचं अकोल्यात फुलांचं दुकान. गेले दोन महिने पोरीने घरी एकच धोशा लावला होता: माझं घर शेंदूरजनाला आहे, माझं नाव नितेश, मी संत्र्याची कलमं बांधतो, माय वाट पाहते. शेवटी तो तिला घेऊन आज सकाळी इथे, या रोपवाटिकेत आला होता. नितेश म्हणजे भगवंतराव आणि दुर्गाबाईंचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी वरूडच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला.

भगवंतरावांना यातलं काहीच पटलं नव्हतं. अकोल्याच्या बाजारात येणाऱ्या संत्र्याच्या क्रेटवर शेंदूरजनाचं नाव असतं. नितेशचा फोटो दर पुण्यतिथीला शंभर मोबाइलवर फिरतो. रोपवाटिकेच्या पाटीवर तर त्याचं नावच आहे. एवढ्या भांडवलावर पाच वर्षांचं पोर काय, पोपटसुद्धा नितेश होईल. त्यात किशोरला काही नको होतं. चहासुद्धा त्याने दोनदा आग्रह केल्यावर घेतला. भगवंतरावांना तेच जास्त खटकलं.

सकाळपासून पोरीने तीन उत्तरं बरोबर दिली होती. तिसऱ्याला दुर्गाबाई रडल्या. भगवंतराव मात्र पोरीचे डोळे बघत होते. काहीही विचारलं की ती आधी दुर्गाबाईंकडे पाहायची. गाडीचा रंग विचारला, तेव्हा दुर्गाबाईंची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. फोटोत नितेश लाल गाडीवर बसलेला होता. लहानपणी कुठून पडला होता, असं विचारलं तर पोरगी म्हणाली, जिन्यावरून. दुर्गाबाईंचा चेहरा उतरला. लगेच पोरगी म्हणाली, नाही, झाडावरून.

यात पोरीची लबाडी असेलच असं नाही, एवढं त्यांना कळत होतं. पण दुर्गाबाईंनी सकाळीच किशोरला विचारून टाकलं होतं, सुट्ट्यांत हिला इथे ठेवता का म्हणून. नितेशचा लहानपणचा स्वेटर धुऊन दोरीवर वाळत होता. सहा वर्षांत आज पहिल्यांदा त्या कोणाशी तरी हसून बोलल्या होत्या. उद्या हे खोटं निघालं, तर त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी त्या उठायच्या नाहीत. भगवंतरावांना भीती वाटत होती. जे व्हायचं ते आजच होऊ दे, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी किशोरला रोपं बघायला बाहेर पाठवलं. दुर्गाबाई कुरकुरत भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग भगवंतरावांनी पत्र्याच्या डब्यातून कलमाचे पाच चाकू काढले आणि मिटलेलेच बाकावर ओळीने मांडले. जंभेरी लिंबाच्या रोपाला चीर देऊन त्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, भरायचे हे चाकू. पाचही एकाच दुकानातले, लाकडी मुठीचे, हाताळून काळे पडलेले. इथे ज्याचा चाकू त्यानेच वापरायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, अशी रीत. म्हणून नितेशचा चाकू सहा वर्षं कोणी उघडला नव्हता. त्याच्या मुठीवर तापल्या खिळ्याने पाडलेला एक ठिपका होता. ती बाजू त्यांनी खाली ठेवली.

"याईतला तुहा कोनता?"

प्रणालीने दुर्गाबाईंकडे पाहिलं. तिकडे नुसती पाठ होती. भगवंतरावांच्या मनात आलं, आता बघतो.

पोरीने थोडा वेळ त्या पाठीकडे पाहिलं. मग चाकूंकडे. मग मान वर करून भगवंतरावांकडे.

बाहेर पाण्याची मोटर चालू होती. पोरीचा हात पहिल्या चाकूवर गेला, तिथून उठला, पुढे सरकला आणि तिने चौथा चाकू उचलला. उलटा केला. मुठीवर ठिपका होता.

"कोनता उचलला?" दुर्गाबाईंनी भिंतीकडे बघतच विचारलं.

पोरगी आपल्या तोंडाकडे बघत होती, तेवढा सगळा वेळ आपण चौथ्या चाकूकडेच बघत होतो, हे भगवंतरावांना आत्ता कळत होतं. नुसते बघत नव्हतो. उचल, उचल, असं मनात म्हणत होतो.

"सांगा न. कोनता?"

"त्याचाच."

दुर्गाबाई वळल्या. त्यांनी पोरीला छातीशी धरलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि नवऱ्याकडे एकदा पाहिलं. झालं समाधान, असं ते पाहणं होतं.

प्रणालीला हा खेळ आवडला होता. ती त्यांच्या हातांतून सुटून बाकाशी आली. चाकू जागेवर ठेवून तिने पाचही इकडचे तिकडे केले.

"आता तुमची पाळी, आजोबा," ती म्हणाली. "तुमी तिकडे तोंड करा. मी पुन्ना ओयखते."

भगवंतरावांनी एकदा भिंतीकडे पाहिलं. मग एकेक करून पाचही चाकू डब्यात टाकले.

"राहू दे," ते म्हणाले. "जेवाची येळ झाली." आणि डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं.