तारखेचा दिवस

दर तारखेला वकिलाची फी द्यायची आणि कामठीच्या पॉवरलूमवरची दिवसभराची मजुरीही बुडवायची, हे प्रशिकला आता झेपत नव्हतं. मुलीच्या ताब्यासाठी आणखी लढणं आपल्याच्यानं होणार नाही, असं त्यानं आज सकाळीच वकिलाला सांगून टाकलं होतं. पण मुलगी भेटायची ती फक्त तारखेलाच. कोर्टाच्या बाकावर सम्यकाला जवळ घेऊन तो बसला होता. तिच्या पलीकडे तिची आई मोनाली तोंड फिरवून बसली होती.

सम्यकानं आईच्या डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

"बाबा, पुढची तारीख कधी आहे?"

"तुले काहून पाहिजे वं तारीख?"

"वाढदिवसाले तू येत नाही, गॅदरिंगले येत नाही. तारखेलेच तं आपण तिघं संग बसतो! मी काल शाळेत मॅडमले पण सांगितलं, उद्या आमची तारीख आहे म्हणून."

प्रशिकनं हातातली वडी परत डब्यात ठेवली.

"आता तारीख नाही राहणार, बेटा."

मोनालीनं इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं. "काहून?"

"वकिलाले द्यायले काही उरलंच नाही."

तेवढ्यात आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. मोनाली उठली, दोन पावलं गेली आणि थांबली.

"रविवारी हुडकेश्वरले माह्या घरी या जेवाले," ती म्हणाली. "फक्त त्या वकिलाले संग आणू नका."