तिने कडी का लावून घेतली

आमच्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या वाचनगटात सकाळपासून एका जुन्या कादंबरीतल्या प्रसंगाचा काथ्याकूट चालला होता. त्यात एक बाळंतीण तान्ह्या बाळाला जावेच्या हाती देते, स्वतः खोलीत जाते आणि म्हणते, "बाहेरून कडी लावा." का, ते लेखक शेवटपर्यंत सांगत नाही.

"छापताना मधलं पान गाळलं असणार," एकीने लिहिलं.

"अगं, झोप काढायची असेल बिचारीला," दुसरी म्हणाली. "मला कोणी अशी कडी लावून दिली तर मी त्याच्या पाया पडेन."

सगळ्या हसल्या. मीही एक हसरा चेहरा टाकला.

खरं तर मला तो प्रसंग पहिल्याच वाचनात कळला होता. तिला स्वतःच्याच हातांची भीती वाटत होती. बाळाला घेऊन गॅलरीत जाणं मी या आठवड्यात बंद केलंय. त्याची नखं कापायचं कामही "तुलाच छान जमतं" म्हणत नवऱ्याच्या गळ्यात मारलंय. आता नवरा ऑफिसात होता, आणि घरात बाळ आणि मी, दोघंच.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. गटात ती सगळ्यांत मोठी, आणि एरवी 'सुप्रभात'च्या पुढे कधी काही न लिहिणारी.



"सगळ्या विचारतायत, तिने असं का केलं. एक तूच विचारलं नाहीस. बाळाला शेजारच्या काकूंकडे देऊन ये, मी निघालेय."